झाडाची स्वतःची सावली

आंब्याच्या त्या आडव्या फांदीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं की एका ठिकाणी आवाज बदलतो. खोडापासून हातभर अंतरापर्यंत तो भरीव येतो, मग एकदम पोकळ. तिथे फांदीच्या वरच्या अंगाला साल नाही. होडीच्या आकाराचा एक राखाडी पट्टा आहे आणि दोन्ही काठांनी नव्या सालीच्या जाड वळ्या आत सरकत आल्या आहेत. पहिल्या वर्षी त्या पट्ट्यात माझा आख्खा पंजा मावायचा. आता दोन बोटं मावतात. मधे अकरा वर्षं गेली.

ही जखम करवतीची नाही. त्या जागेला मी हत्यार लावलंच नव्हतं. ती उन्हानं भाजली, आणि ते ऊन मी आत सोडलं होतं.

त्या उन्हाळ्यात शेवटची फळं उतरवली आणि दुसऱ्याच दिवशी मी करवत घेऊन झाडावर चढले. वेळ चुकली नव्हती. आंब्याचा मोहोर जून झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. छाटणीनंतर फुटलेली पालवी आधी तांबूस, मग पोपटी, मग गडद हिरवी होत पक्व व्हायला काही महिने लागतात. छाटायला उशीर झाला तर मोहोराच्या वेळी ती काडी कोवळीच असते आणि ते वर्ष वाया जातं. म्हणून फळ उतरलं की लगेच छाटावं, हे मला ठाऊक होतं. झाडाच्या मधोमध मनगटापेक्षा जाड अशा चार फांद्या सरळ वर गेल्या होत्या. त्यांच्यामुळे आत काळोख असायचा. आतली पानं काजळी धरायची, आतल्या काड्या वाळून सल व्हायची. मी एका दुपारात चारही काढल्या. खाली उतरून वर पाहिलं तर पानांमधून आभाळाचा मोठा निळा तुकडा दिसत होता. फार बरं वाटलं होतं.

दहाबारा दिवसांत आडव्या फांदीच्या पाठीवरची साल तपकिरी पडली. मग तिला उभ्या चिरा गेल्या. महिन्याभरानं नखानं उचकलं तर पापुद्र्यासारखी वर आली, आणि तिच्याखाली एरवी ओला, निसरडा असतो तो थर कोरडाठाक होता. साल आणि लाकूड यांच्यामधला हा थर म्हणजे कँबियम. झाडाची जाडी त्याच्यामुळे वाढते. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेल्या सालीला थेट उन्हाची सवय नसते. तिच्यावर एकाएकी भर दुपारचं ऊन पडलं की आतला तो जिवंत थर शिजून मरतो. पाठोपाठ खोडकिडा आला. फांदीखालच्या पानांवर लाकडाचा बारीक भुसा पडायला लागला.

मामांना बोलावलं. त्यांचं आयुष्य फळझाडांत गेलेलं. त्यांनी फांदीवरून तळवा फिरवला, वर पाहिलं, पुन्हा फांदीकडे पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, काढायची फांदी तू नीट बघितलीस. तिच्या सावलीत कोण बसलंय, ते नाही बघितलंस."

सावली म्हटलं की आपल्याला आपलीच आठवते. झाड आपल्यासाठी सावली धरतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण झाड पहिली सावली स्वतःच्या अंगावर धरतं: स्वतःच्या खोडावर, आडव्या फांद्यांच्या पाठीवर, बुंध्याभोवतीच्या मातीवर, वाढत्या फळावर. आपल्याला मिळते ती त्यातून उरलेली. उन्हाळ्यात हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेतला की आपण झाडाच्या अंगावरच्या सावलीत हात घालत असतो. ही गोष्ट मला एका फांदीच्या मोबदल्यात कळली.

मग उन्हाळ्यात झाडाला हात लावूच नये का? असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही.

पानगळ होणाऱ्या झाडांची मुख्य छाटणी हिवाळ्यात करतात. झाड झोपलेलं असतं, सांगाडा उघडा दिसतो, कुठली फांदी कुठून निघाली ते स्पष्ट कळतं. पण त्या वेळी वर्षभराची कमाई मुळांत आणि खोडात साठवलेली असते. निम्म्या फांद्या काढल्या तरी साठ्याला फारसा धक्का लागत नाही, वाटेकरी मात्र निम्मे होतात. मग जाग आल्यावर उरलेल्या डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या झोपलेल्या कोंबांना, एवढा शिधा मिळतो की वीतभर वाढायची ती काडी पुरुषभर वाढते. झाड आवरायला म्हणून जितकं जास्त छाटावं तितकं ते जास्त उसळतं. उन्हाळ्यात हिशेब उलटा असतो. साठा खर्चून पानं आलेली असतात आणि ती आता कुठे परतफेड करू लागलेली असतात. अशा वेळी पानांसकट काडी काढली की कमाईच कमी होते आणि उसळी बसते. म्हणून ज्या झाडाची नुसती उंची वाढते आणि फळाचं नाव नसतं, त्याला आवर घालायचा तो उन्हाळ्यातच. आणि जे झाड आधीच अशक्त आहे, ज्याची पानं पिवळी, वाढ खुंटलेली, त्याला याच कारणासाठी उन्हाळ्यात हात लावू नये. त्याला पाणी द्यावं, खत द्यावं, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करावं, आणि थांबावं.

फ्रान्समध्ये लुई लोरेत नावाच्या बागायतदारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाशपाती आणि सफरचंदाची छाटणी वाढीच्या हंगामातच करायची पद्धत बसवली. पुढे तिच्यात फेरफार होत ती थंड मुलखातल्या बागांमध्ये रुळली. भिंतीला किंवा तारेला टेकवून वाढवलेल्या झाडांसाठी ती आजही वापरतात. उन्हाळा उतरणीला लागला, यंदाची काडी बुडाशी लाकडासारखी घट्ट झाली की तिच्या बुडाजवळचा पानांचा झुबका सोडून वर तीन पानं ठेवायची आणि बाकीचं कापायचं. आधीच्या छाटलेल्या फाट्यावरून निघालेली असेल तर एकच पान ठेवायचं. काडी घट्ट झालेली असणं महत्त्वाचं, कारण कोवळ्या काडीवर सिकेटर चालवला तर ती लगेच दुप्पट जोमानं फुटते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

आलुबुखार आणि चेरीच्या बाबतीत तर उन्हाळा ही सोय नसून सावधगिरी आहे. या झाडांना एका बुरशीमुळे रुपेरी पानाचा रोग होतो. पानावर चांदीसारखी झाक येते आणि फांदी हळूहळू आतून मरते. ही बुरशी ताज्या कापातून आत शिरते आणि तिचे बीजाणू दमट, थंड दिवसांत जास्त उडतात. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात कापायचं, म्हणजे ते दिवस येईपर्यंत झाडाला कापाचं तोंड बंद करायला वेळ मिळतो.

आणि उजेड. यंदाचं फळ फांदीवर लटकत असतानाच सफरचंदाचं झाड पुढच्या वर्षीच्या फुलाचे डोळे तयार करत असतं. हा मला झाडांमधला सगळ्यात विलक्षण प्रकार वाटतो. आत उजेड पोचला तर तो डोळा फुलाचा होतो, नाही पोचला तर नुसत्या पानांचा राहतो. उघड्यावर पडणाऱ्या उन्हाच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी उजेड मिळणाऱ्या भागात फुलाचे डोळे धरणं कमी होतं. फळाच्या सालीवर लाली चढायलाही उजेड लागतो. पण फार झालं तर तेच फळ भाजतं. सफरचंदाच्या सालीचं तापमान ४६ ते ४९ अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की उन्हाच्या बाजूला पिवळट-तपकिरी डाग पडतो. हवा तेवढी तापलेली नसली तरी उन्हात टांगलेलं फळ तिच्याहून बरंच जास्त तापतं. म्हणजे आत ऊन यायला हवं आणि यायला नको, दोन्ही खरं. उन्हाळी छाटणीचं सगळं कसब या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे.

माझ्या हाताखाली तीन झाडं जास्त राहिली: आंबा, पेरू आणि लिंबू. तिघांचे स्वभाव तीन.

पेरू सगळ्यात मनमोकळा. त्याला फूल येतं ते नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात. म्हणून काडीचे शेंडे उन्हाळ्यात छाटले, मुळांना पाणी मिळालं की जी नवी फूट येते तिच्यासोबत कळ्याही येतात. छाटायचं नसेल तर सरळ वर जाणारी फांदी दोरीनं आडवी वाकवून बांधली तरी तिच्या अंगभर डोळे फुटतात. यामागचं कारण थिमान आणि स्कूग या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ साली बाकल्याच्या रोपांवर दाखवलं. रोपाचा शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात, पण खुडलेल्या जागी ऑक्सिन हे वाढीचं द्रव्य लावलं तर ते झोपलेलेच राहतात. म्हणजे शेंड्यातून खाली झिरपणारं ते द्रव्य खालच्यांना थोपवून धरत असतं. शेंडा खुडला किंवा वाकवून त्याचा वरचा मान काढून घेतला की धाक जातो. सिकेटर न उचलता नुसत्या अंगठ्यानं होणारी ही छाटणी मला सगळ्यात आवडते. झाडाला जखम जवळजवळ होतच नाही.

लिंबाशी मात्र जपून वागावं लागतं. सदाहरित झाड आपला बराचसा साठा पानांत आणि बारीक काड्यांत ठेवतं. लिंबाची पानं काढणं म्हणजे कमाई आणि शिल्लक दोन्ही काढून घेणं. शिवाय त्याची साल पातळ, उन्हाला फार हळवी. त्याच्या जमिनीकडे झुकलेल्या फांद्या 'स्वच्छ दिसावं' म्हणून लोक कापून टाकतात आणि बुंधा उघडा पाडतात, ते पाहून मला खरोखर वाईट वाटतं. तो झाडाचा पदर आहे. लिंबाचं उन्हाळ्यात काढायचं ते दोनच: वाळलेली सल आणि पाणसोट. पाणसोट ओळखायला सोपा. जुन्या फांदीच्या पाठीतून सरळसोट वर निघतो. देठ गोल नसतो, तीन कडांचा असतो. पानं अवाढव्य, काटे लांब. बोटभर असतानाच अंगठा लावून बाजूला दाबला तर बुडासकट 'टच' करून निघतो आणि परत त्या जागी सहसा येत नाही. हातभर झाल्यावर सिकेटरनं कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून तिघे येतात. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा झाडाभोवती मोकळ्या हातानं फेरी मारायची. यापेक्षा मोठी छाटणी लिंबाला क्वचितच लागते. कलमाच्या जोडाखालून, म्हणजे कलम ज्या रोपावर बांधलेलं असतं त्या खुंटावर आलेली फूट मात्र दिसेल तेव्हा काढावी, तिच्याबद्दल विचार करत बसू नये.

आंब्याला कापताना चीक येतो. उन्हाळ्यात तो जास्तच उसळून बाहेर पडतो आणि अंगावर उडाला की कातडी भाजते, काळे डाग राहतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, कापाकडे तोंड न करता काम करायचं.

आता काप. जाड फांदी कापणं हे मी मामांच्या शेजारी उभी राहून शिकले आणि ते शब्दांत सांगायला मला अजून जड जातं. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर, सुरकुतलेली वळी असते. गुडघ्यावर चोळणा गोळा व्हावा तशी. काही झाडांवर ती डोळ्यांना दिसते, काहींवर बोटांनी चाचपावी लागते. वळी खोडाची, फांदी फांदीची. कापायचं ते वळीच्या बाहेरून, वळीला धक्का न लावता. खोडाला अगदी चाटून, गुळगुळीत दिसावं म्हणून कापलं तर वळी जाते आणि जखम दुप्पट मोठी होते. वीतभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत नेतो. फांदी जड असेल तर आधी हातभर पुढे खालून एक तृतीयांश करवत घालायची, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून ओझं उतरवायचं, आणि शेवटी उरलेला खुंट वळीपाशी काढायचा. खालचा काप दिला नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलून खाली नेते. ते दृश्य एकदा पाहिलं की माणूस पुन्हा विसरत नाही.

अमेरिकेच्या वनविभागात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. मेलेला भाग तसाच आत राहतो. झाड त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत जातं. आंब्याच्या फांदीवर टकटक केल्यावर येणारा पोकळ आवाज मला हे वाचल्यावर नीट समजला. त्या दोन वळ्या एक दिवस एकमेकींना भेटतील, साल अखंड दिसेल, पण आतला तो भाजलेला पट्टा झाड असेपर्यंत तिथेच असणार. कापावर डांबर किंवा तेलरंग फासून कूज थांबत नाही, ओल आतच कोंडते. मोठ्या कापावर मी बोर्डो पेस्ट लावते, तीही पुढे पावसाचे दिवस असतील तेव्हा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही. तिनं जखम भरत नाही, बुरशीला तेवढा अटकाव होतो. या औषधाची कथा मला आवडते. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षं तोडू नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवडा या रोगापासून वाचल्या हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जगापुढे ठेवलं.

छाटणीनंतर उघड्या पडणाऱ्या फांद्यांच्या पाठीवर मात्र चुन्याचा पांढरा हात त्याच संध्याकाळी द्यायचा, उद्यावर टाकायचा नाही. मला त्या वर्षी कुणी हे सांगितलं असतं तर तो पट्टा आज नसता.

त्या वर्षी आणखी एक झालं. चार कापांच्या काठांवरून पावसानंतर फुटव्यांचे झुबकेच्या झुबके आले, एकेका ठिकाणी पंधरावीस. माझा हात लगेच शिवशिवला. मामांनी थांबवलं. झुबक्यातले दोनतीन ठेवून बाकीचे काढायचे हे तर होतंच, पण कुठले दोनतीन? मी सरळ, दणकट, वर जाणारे धरून ठेवले होते. त्यांनी ते काढायला लावले आणि जे भाजलेल्या फांदीकडे कलत होते ते ठेवले, काही बारीक होते तरीही. दोन उन्हाळ्यांनी त्या काड्यांनी पट्ट्यावर पुन्हा छत धरलं. वळ्या सरकू लागल्या त्या तिथून पुढे.

तेव्हापासून मी करवतीआधी खडू घेते. सकाळी झाडावर चढून काढायच्या वाटतात त्या फांद्यांवर पांढरी खूण करते आणि उतरते. त्या दिवशी काहीच कापत नाही. दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, खूण केलेल्या एकेका फांदीला दोरी बांधून कुणाला तरी ती बाजूला ओढून धरायला सांगते आणि आत बघते, ऊन कुठे पडतंय. जमिनीवर पडलं तर ठीक. बारीक काड्यांवर, पानांवर पडलं तर उत्तमच, त्यासाठीच तर सगळं. जुन्या सालीवर, आडव्या पाठीवर पडलं तर ती फांदी या वर्षी राहते, किंवा तिच्या टोकाकडचा थोडा भागच जातो. एका उन्हाळ्यात पानोऱ्याच्या पाव हिश्श्याहून जास्त काढत नाही. राहिलेलं पुढच्या वर्षी. झाडाला घाई नसते, ती आपल्याला असते.

यंदा आंब्यावर पाच खुणा केल्या होत्या. मामा आता झाडावर चढत नाहीत. खाली खुर्ची टाकून बसले होते, दोरी त्यांच्याच हातात दिली होती. पहिल्या दोन फांद्यांचं ऊन जमिनीवर उतरलं. तिसरीचं आतल्या काड्यांवर, छान विखरून. चौथीला त्यांनी ओढलं तेव्हा उन्हाची एक तिरीप नेमकी त्या राखाडी पट्ट्यावर येऊन पडली. पट्टा, दोन्हीकडच्या वळ्या, मधलं दोन बोटांचं अंतर, सगळं लख्ख दिसलं. सालीवर हात ठेवला तर तेवढ्या वेळातच ती कोमट लागली.

"सोडू का?" मामांनी खालून विचारलं.

"सोडा."

फांदी सपकन जागेवर आली. पट्टा पुन्हा अंधारात गेला. मी अंगठा जिभेला लावून ओला केला आणि चौथी खूण पुसून टाकली.